सुभेदार पाणी कशाला तापवील?

खोटा फौजी ओळखायला मी मामाकडून शिकले. मालवणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात तेव्हा घरटी एक माणूस मुंबईला, नाहीतर बोटीवर, नाहीतर पलटणीत असायचा. मोठी लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली होती, तरी खाकी कोटाचा मान काही उतरला नव्हता. असा कोट घालून कोणी एसटीतून उतरला की दुकानदार बाकडं पुसून द्यायचा आणि चहा पुढे करायचा. मग काय, अशा कोटांना ऊत आला. सावंतवाडीच्या बाजारात जुने लष्करी कोट ढिगाने मिळत, आणि कोट अंगावर चढला की हुद्दा आपल्याच तोंडाने लावून घ्यायचा. साधा शिपाई म्हणून कुणी येतच नसे. येईल तो जमादार, नाहीतर सुभेदार. एकजण तर कॅप्टन म्हणून आला होता आणि फणसाचे गरे खाऊन, पोटात दुखायला लागल्यावर आईच्या नावाने रडत गेला.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. तो पलटणीत हवालदार होता आणि गुडघा अधू झाल्यामुळे लढाई सुरू होण्याआधीच घरी आला होता. वरच्या वाडीत राहायचा. गावात कोटवाला दिसला की लोक मामाला बोलावून आणत. मामा आधी काही बोलतच नसे. पाहुणा उठून उभा राहिला की मागून एकदम ओरडायचा, "सावधान!" खरा फौजी असेल तर त्याच्या टाचा आधी जुळायच्या आणि मग तो वळून बघायचा. खोटा आधी दचकून वळायचा. मग मामा नंबर विचारायचा. पलटणीतला माणूस स्वतःची जन्मतारीख विसरेल, पण नंबर तापात बरळतानाही बरोबर सांगेल, असं त्याचं म्हणणं. छातीवरची पदकं डावीकडे आहेत की उजवीकडे तेही तो बघायचा. आपली पदकं डाव्या बाजूला लावायची असतात, मेलेल्या बापाची उजव्या बाजूला. हे न कळलेले दोन सुभेदार मामाने एकाच पावसाळ्यात हाकलले.

"माणूस बोलाक लागलो काय तेच्या तोंडाकडे बघू नको," मामा मला सांगायचा. "तोंडाक शिकवता येता. तू पायांकडे बघ."

मी बघत असे. मला ही विद्या गावातल्या कुणापेक्षा जास्त हवी होती, कारण माझे बाबा मामाच्याच पलटणीतून मलायाला गेले होते आणि तिथे बेपत्ता झाले होते. ते गेले तेव्हा मी दोन वर्षांची होते. मला त्यांचं काहीच आठवत नाही. आवाज नाही, हात नाही, वास नाही. भिंतीवर एक फोटो होता, समोरून काढलेला, टोपीचा पट्टा हनुवटीवर घट्ट ओढलेला. तेवढेच माझे बाबा. लढाई संपल्यावर सरकारचं पत्र आलं, की यांना मृत समजण्यात यावं. शाळेतल्या मास्तरांनी ते वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "समजतत. म्हणजे तेंकाय ठावक नाय." आणि तिने कुंकू ठेवलं. मलायातून काही माणसं लढाईनंतर दोन-तीन वर्षांनी घरी परतली होतीच. दर चतुर्थीच्या आधी आई बाबांचं धोतर आणि सदरा धुऊन, वाळवून, घडी करून ठेवायची. गावातले पुरुष मुंबईहून सणाला येत, आणि मी प्रत्येकाच्या चालीत फोटोतला माणूस शोधत असे. लोक आम्हा दोघींना वेड्या म्हणत असतील. म्हणोत बापडे.

मी सोळा वर्षांची होते तेव्हा तो आला. चतुर्थी होऊन गेली होती, भात पोटरीला आलं होतं. सकाळच्या एसटीतून एक बुटका, किरकोळ अंगाचा, चाळिशीचा माणूस उतरला. कोट स्वच्छ, छातीवर डाव्या बाजूला पदकांच्या रंगीत फिती. त्याने दुकानात बाबांची पलटण आणि नंबर सांगून घर विचारलं. नंबर बरोबर होता. दुकानदार त्याला स्वतः घेऊन आला आणि एकजण मामाला आणायला पळाला.

मामाने मागून "सावधान" केलं. टाचा टक्कन जुळल्या. नंबर विचारला, त्याने एका दमात सांगितला; मामा घरी गेल्यावर आपण भरती झालो, असंही म्हणाला. मग मामाने पलटणीतल्या साहेबांचा विषय काढला आणि तो माणूस मामाहून वरचढ निघाला. कुठल्या साहेबाची मिशी कशी होती, कुणाला कानाजवळ कल्ले ठेवायची हौस, कोण दाढी करताना गाणं म्हणायचा, सगळं त्याला पाठ. हसता हसता मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो सगळी माणसं त्यांच्या दाढीमिशीवरून आठवतोय, हे तेव्हा मामाच्या ध्यानात आलं नाही, आणि माझ्याही नाही. मामाने त्याला खुर्ची दिली आणि आपण खाली चटईवर बसला. हवालदाराने सुभेदारासमोर खुर्चीत बसायचं नसतं.

मग त्याने सांगितलं. जपान्यांच्या कैदेत, रबराच्या मळ्याजवळच्या छावणीत, पावसाच्या दिवसांत, तापाने माझे बाबा गेले. "मी शेजारी होतंय, वैनी," तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून म्हणाला. दारामागे आई उभी होती. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "लय त्रास झालो?"

"नाय. दोन दिसांचो ताप. तिसऱ्या दिसाक नाय."

मामाने ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गाऱ्हाणं घालायचं, देवाच्या कानावर घालायचं की आमचा माणूस गेला, आणि मग भटजीला बोलावून राहिलेलं कार्य करायचं. तासाभरात ही बातमी वाडीभर झाली. शेजारच्या दोन म्हाताऱ्या येऊन आईच्या हाताशी बसल्या. उद्या तिच्या बांगड्या फुटणार होत्या, कुंकू जाणार होतं. मी परसात जाऊन माडाला टेकून उभी राहिले. माझ्या मनात दुःख नव्हतं, राग होता, त्या माणसाचा. तो खोटा निघायला हवा होता. देवाकडे मी तेवढंच मागितलं, त्याचे शब्द आजही आठवतात आणि लाज वाटते.

दुपारी मामा घाड्याला सांगायला गेला. घाडी म्हणजे आमच्याकडे देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणारा. पाहुणा पडवीत एकटाच बसला होता. मी तांब्या-भांडं घेऊन गेले आणि तिथेच बसले, त्याच्या पायांवर नजर ठेवून. त्याला बिचाऱ्याला वाटलं असेल, पोरीला बापाबद्दल ऐकायचं आहे.

"तुझो बापूस कमी बोलायचो गो," तो म्हणाला. "सकाळी बिगूल व्हायच्या आधी मी पाणी तापवूक उठायचंय, तेवा तो जागोच आसायचो. येऊन चुलीकडे बसायचो. मरायच्या आधी तसोच बसान माका म्हणालो, तू जगलंस तर माझ्या घरात जा आणि सांग…"

"सुभेदार पाणी तापवूक कित्याक उठता?" मी विचारलं.

भांडं तोंडाशी नेत होता ते त्याने तसंच खाली ठेवलं. त्याचा चेहरा उतरला आणि माझं काळीज आनंदाने असं उडालं की मी उत्तराला थांबलेच नाही. बांधावरून धावत सुटले आणि वाटेत भेटेल त्याला ओरडून सांगत गेले, "खोटो आसा! खोटो आसा!"

मामाचा संताप दुप्पट होता. एक तर पाहुणा खोटा, आणि त्यात आपण फसलो, तेही चटईवर बसून. त्याने सकाळची वाट बघितली नाही. दिवस मावळायच्या आधीच त्या माणसाला देवळात नेऊन उभा केला. वीस-पंचवीस माणसं जमली. आईसुद्धा आली आणि बायकांच्या मागे खांबाशी उभी राहिली. गाऱ्हाण्यात उभ्या माणसाचं गाव आणि धंदा सांगावा लागतो, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. एकदा ते म्हटलं की गावाने देवाला शब्द दिल्यासारखं होतं, म्हणून तिथे खोटं बोलायला भलेभले कचरतात. मामाला हे पक्कं ठाऊक होतं.

घाड्याने नारळ हातात घेतला. "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या पायाकडे जो उभो ऱ्हवलो आसा, तो…" आणि तो थांबून म्हणाला, "हुद्दो काय सांगू?"

त्या माणसाने टोपी काढली. "सुभेदार सांगू नको," तो म्हणाला. "मी पलटणीतलो म्हालो."

म्हालो म्हणजे न्हावी. कुणीतरी मोठ्याने हसलं. तो देवाकडे बघूनच बोलत राहिला. छावणीत मरणाऱ्यांनी त्याच्याजवळ निरोप दिले होते, कारण दाढी करताना माणूस बोलतो. सुटून आल्यावर पैसे जमतील तसा, एकेक घर शोधत तो ते निरोप पोचवायला निघाला. पहिल्या घरात त्याला अंगणातच बसवलं. दुसऱ्या घरात म्हणाले, इलंस तसो पोरांचे केस काप. न्हाव्याकडून आपल्या माणसाच्या मरणाची बातमी ऐकून घ्यायला कोणी तयार होईना. तेव्हा त्याने सावंतवाडीला कोट घेतला.

"हुद्दो खोटो," तो म्हणाला. "मराण खरां. तेच्या हनुवटीखाली डाव्या बाजूक बोटभर दाग होतो. थंय केस येय नसत. वस्तरो सांबाळून फिरवचो लागायचो. घरात इचारा."

"कोणाक इचारूचा नाय," मामा म्हणाला. "एक खोटां तां सगळां खोटां." आणि त्याने पुढे होऊन त्या माणसाच्या कोटावरच्या फिती खेचून काढल्या. मी फोटो आठवून बघितला. फोटोत दाग नव्हता. हनुवटीखालचं काही त्या फोटोत दिसणारच नव्हतं, एवढं डोकं मी चालवलं नाही. आई काहीच बोलली नाही. तो माणूस चालत सडकेकडे गेला. शेवटची एसटी केव्हाच गेलेली होती.

घरी येताना मी उड्या मारत होते. गावाने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. मामाला फसवणारा माणूस एवढ्याशा पोरीने पकडला, असं महिनाभर चाललं होतं. आईच्या बांगड्या हातात राहिल्या, कुंकू कपाळावर राहिलं. पुढच्या चतुर्थीला तिने धोतर-सदरा पुन्हा धुतला आणि तो वाळत घालायला मी तिला मदत केली.

मग वर्षं गेली. मी शिक्षिका झाले, लग्न होऊन देवगडला आले. मामा वारला. चीनची लढाई झाली, गावातली आणखी काही मुलं पलटणीत गेली. माझं वाट बघणं संपलं नव्हतं. कुणाला सांगत नसे, पण बंदरावर एखादा अनोळखी म्हातारा समुद्राकडे बघत उभा दिसला की मी त्याच्या पुढून एकदा जाऊन येई.

माझ्या पहिल्या बाळंतपणाला आई देवगडला येऊन राहिली होती. एका सकाळी माझे यजमान अंगणात आरसा टांगून दाढी करत होते. त्यांना हनुवटीखाली कापलं आणि त्यांनी हाय-हुय केलं. आई तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"ह्येंका थंयच दाग होतो," ती म्हणाली. माझ्या बाबांबद्दल बोलताना ती असंच म्हणायची. "लहानपणी विळ्यावर पडले होते. त्या म्हाल्यान सांगितल्यान तसोच. बोटभर."

"मगे तेवा बोललंस कशाक नाय?"

"तू धावत जात होतंस बांधावरसून," ती म्हणाली. "सोळा वर्सांत तुका तितक्या खुशीत मी बघूक नव्हतंय." मग म्हणाली, "आणि माकाय ता खोटांच होयां होतां."

म्हणजे दहा वर्षं मी खरीच वाट बघत होते आणि ती नुसती माझ्यासाठी कपडे धूत होती. मी तिच्यावर चिडले, रडले, आणि मग जे कधीच कोणाला बोलले नव्हते ते तिला सांगितलं. पडवीतल्या त्या अर्ध्या वाक्याबद्दल. बाबांनी निरोप दिला होता, तो तिच्यासाठी होता, आणि नेमका तेव्हा मी प्रश्न विचारला.

आईने सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "तेका सोद. काय सांगूक सांगितल्यान ता इचारून ये. बाकी माका कायएक नको."

मूल सहा महिन्यांचं झाल्यावर मी निघाले. त्याचं गाव आंबोलीच्या घाटाच्या पायथ्याशी, एवढं देवळात ऐकलं होतं. सावंतवाडीहून दुसरी एसटी घेतली. पाऊस एवढा होता की खिडकीतून समोरचा माणूस दिसेना. थांब्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये एक खुर्ची, एक आरसा आणि वस्तरा परजत उभा असलेला तो. केस पांढरे झाले होते. त्याने मला ओळखलं. आधी त्याने विचारलं, "तुझी आवस बरी आसा?" मग फडक्याने खुर्ची पुसून मला बसायला सांगितलं. त्याच्याकडे एकच खुर्ची होती, मी बसले आणि तो उभा राहिला.

मी माफी मागितली. दाग खरा होता म्हणून सांगितलं. तो मान हलवत होता. मग मी निरोप विचारला.

"आठवणा नाय, बाय," तो म्हणाला.

"आठवून बघा."

"खरांच नाय आठवणा. धा-बारा वर्सां जपलंय. रोज सकाळी एकेकाचो निरोप मनात म्हणायचंय, इसरू नये म्हणान. तुमच्या देवळातसून इलंय त्या दिसापासून म्हणूचो बंद केलंय. आता सगळ्यांचे एकात एक झाले. कोणी बैल इकू नको म्हणालेलो, कोणी बायकोक म्हायेराक धाड म्हणालेलो. तुझ्या बापाशीचो खंयचो, तां माका सांगूक येवचा नाय. आता परत खोटां सांगू?"

मी त्याच्या पायांकडे बघितलं. अनवाणी पाय ओल्या मातीत टेकलेले होते, जरासुद्धा हलत नव्हते. तो खरं बोलतोय की माझ्यावर सूड उगवतोय, मला समजलं नाही. मामाने शिकवलेलं तिथे काहीच कामाला येईना. निघताना मी त्याला वाकून नमस्कार केला तर तो दचकून मागे सरला.

परतीच्या वाटेवर मी ठरवलं. आईकडे रिकाम्या हाताने जायचं नाही. तिने पंचवीस वर्षं काय मागितलं होतं? एक वाक्य. ते मी बनवीन. मी मास्तरीण, रोज मुलांना वाक्यं घालून देते. देवगडला पोचेपर्यंत मी ते दहा वेळा घासून पुसून तयार केलं. आई मुलाला मांडीवर घेऊन दारातच बसली होती.

"काय म्हणालो?"

"म्हणालो, बाबांनी सांगितल्यानी, माझ्या चेडवाक शिकव, आणि माझी वाट बघू नको."

आईने ऐकलं आणि ती हसली. कित्येक वर्षांत मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं.

"ह्यां तुझां आसा," ती म्हणाली.

"नाय गो आये, खरांच…"

"वाट बघू नको असां म्हणणारे न्हय ते. बाजारात गेले तरी, दार लावू नको, मी येतंय, म्हणान जायचे. पलटणीत जाताना पण तसांच म्हणाले. मरताना पण दुसरां काय म्हणूचे नाय." तिने मुलाच्या अंगावरची दुपटी सारखी केली. "तेनी काय सांगूक लावल्यानी ता माका ठावक झालां आता. तू उगीच येवढ्या पावसात गेलंस."

चार वर्षांच्या संसारात, तेही सुट्टीपुरत्या घरी आलेल्या माणसाबरोबर, तिला तो इतका ठाऊक होता की त्याच्या नावावरचं खोटं वाक्य तिने ऐकल्याबरोबर ओळखलं. जगातला कुणीही येऊन माझ्या बाबांच्या नावावर काहीही सांगून गेला असता तर मला ते ओळखता आलं नसतं. मी तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि म्हटलं, "आये, आणि काय म्हणायचे ते?" ती सांगायला लागली आणि मी रडायला लागले. बाबा मेले म्हणून मी रडले ती त्या दिवशी, पहिल्यांदा.